साखर, यीस्ट आणि बुडबुडे: मेजवानीसाठी स्पार्कलिंग वाइन निवडताना

सणाच्या मेजवानीसाठी स्पार्कलिंग वाइन घेताना बहुतेकांची नजर आधी नावावर जाते, मग किमतीवर. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: वाइनमध्ये साखर किती आहे आणि तिच्यातला वायू कुठे तयार झाला. दोन्हींचा पत्ता बहुधा लेबलवरच लागतो.

द्राक्षांचा रस आंबून साधी वाइन होते, तेव्हा निघणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. फसफस हवी असेल तर त्याच वाइनमध्ये पुन्हा साखर आणि यीस्ट घालून, झाकण घट्ट लावून ती दुसऱ्यांदा आंबवतात. वायूला बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून तो वाइनमध्ये विरघळतो. लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घातली, तर बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ सहापट होतो.

फ्रान्समधली शॅम्पेन आणि स्पेनमधली काव्हा यांचं हे दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. काम संपल्यावर यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. खरी गंमत पुढे आहे. मेलेल्या पेशी त्यांच्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) सावकाश विरघळू लागतात आणि त्यांच्यातली प्रथिनं, अमिनो आम्लं वाइनमध्ये उतरतात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो तो यातूनच. त्याला वेळ लागतो. काव्हा किमान ९ महिने आणि साधी शॅम्पेन किमान १२ महिने या गाळावर ठेवावी लागते.

इटलीतली प्रोसेक्को मात्र बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत आंबवतात. यीस्टशी संगत थोडक्या काळाची, त्यामुळे ग्लेरा द्राक्षाचा सफरचंद-नासपतीसारखा ताजा वास टिकतो. टाकीतली वाइन दुय्यम, हा समज मला मुळीच पटत नाही. जेवणाआधी गप्पांच्या वेळी ती फार छान लागते. फक्त साठवून न ठेवता ताजी असतानाच प्यावी. भरपेट जेवणासोबत मात्र मी बाटलीत आंबवलेलीच निवडेन.

आता साखर. इथे लेबल भल्याभल्यांना चकवतं. ‘ब्रूट’ म्हणजे तयार वाइनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ त्याहून कोरडी, म्हणजे कमी गोड, असेल असं वाटतं, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते. ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. केकसोबत ब्रूट दिली की ती आंबट आणि रोडावलेली लागते, कारण गोड घासानंतर जिभेला आम्लच जास्त जाणवतं. गोडाच्या वेळी डेमी-सेक काढावी. वायूचाही चवीत वाटा असतो. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असतं, ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवतं. म्हणूनच वायू उडालेली वाइन एकदम गोड वाटू लागते.

बुडबुडे बारीक म्हणजे वाइन उत्तम, असंही सर्रास सांगितलं जातं. ग्लास डोळ्यांजवळ धरून बघा: बुडबुड्यांची एक माळ सतत एकाच ठिकाणाहून वर चढताना दिसेल. तिथे बहुधा पुसायच्या कापडाचा किंवा धुळीतला एक सूक्ष्म पोकळ तंतू चिकटलेला असतो. त्यात हवेचा कण अडकतो, विरघळलेला वायू त्यात शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटतो, की लगेच दुसरा. अगदी निर्मळ ग्लासात बुडबुडे जवळपास उठतच नाहीत. म्हणून काही ग्लासांच्या तळाला मुद्दाम बारीक ओरखडे काढतात. म्हणजे या माळा वाइनइतक्याच ग्लासाबद्दलही सांगत असतात.

वायू टिकवणं आपल्या हातात आहे. थंड द्रवात तो जास्त विरघळलेला राहतो, म्हणून बाटली ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत गार करावी. फ्रान्समधल्या रान्स विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवून दिलं, की ग्लास तिरका धरून कडेने ओतलं तर सरळ ओतण्यापेक्षा वायू कमी निसटतो. उघडताना बाटली तिरपी धरा, तोंड माणसांपासून दूर ठेवा, बूच घट्ट पकडून बाटलीच फिरवा. कोमट बाटलीत दाब जास्त असतो, आणि सुटलेलं बूच डोळा कायमचा निकामी करू शकतं.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवण्याचा काही उपयोग होत नाही. दाब सहन करणारं झाकण लावून ती लगेच फ्रिजमध्ये ठेवा.