नॅनोरॉडमधील चुंबकत्व: आकाराची ओढ आणि स्फटिकाची ओढ

कोबाल्टच्या नॅनोरॉडविषयी, म्हणजे अतिसूक्ष्म काड्यांविषयी, लिहिताना ‘लांबट आकारामुळे हे चुंबक ताकदवान होते’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान सुट्या काडीपुरते बरेचसे खरे आहे. मात्र अशा असंख्य काड्या दाबून चुंबकाचा ठोकळा तयार केला की ते लंगडे पडते. सौरपंपाच्या बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या) मोटारीत बहुधा निओडिमियम-लोह-बोरॉनचे स्थायी चुंबक असते, आणि चीनने एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोशियम, टर्बियम यांसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणल्यापासून त्याला पर्याय शोधण्याची चर्चा वाढली आहे. या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या शेजारी ठेवून पाहणे आवश्यक वाटते.

स्थायी चुंबकाला दोन गुण लागतात: चुंबकत्व भरपूर असावे आणि उलट दिशेचे क्षेत्र लावले तरी ते पलटू नये. पहिल्या गुणात लोखंड निओडिमियम चुंबकापेक्षाही सरस आहे. अडते ते दुसऱ्या गुणापाशी. न पलटण्याच्या या क्षमतेला कोअर्सिव्हिटी म्हणतात, आणि ती येण्यासाठी चुंबकत्वाला एखाद्या ठरावीक दिशेची ओढ असावी लागते. ही ओढ आकारातून येऊ शकते किंवा स्फटिकातून.

आकाराची ओढ अशी निर्माण होते. काडी लांबीच्या दिशेने चुंबकित असेल तर तिचे उत्तर-दक्षिण ध्रुव दोन टोकांना, एकमेकांपासून दूर आणि अगदी छोट्या जागेत असतात. आडवी चुंबकित केली तर तिच्या दोन्ही बाजूंवर लांबच लांब ध्रुव समोरासमोर उभे राहतात आणि त्यासाठी अधिक ऊर्जा मोजावी लागते. त्यामुळे चुंबकत्व काडीच्या लांबीलाच धरून राहते. येथे धातू कोणता हे दुय्यम आहे. त्याचे चुंबकत्व जितके जास्त, तितकी ही ओढ जास्त. काडी कितीही लांब केली म्हणून लाभ त्या प्रमाणात वाढत नाही, कारण जाडीच्या पाचपट लांबीलाच शक्य असलेल्या ओढीपैकी सुमारे ८३ टक्के आणि दहापटीला ९४ टक्के पदरात पडलेली असते.

स्फटिकाची ओढ समजण्यासाठी सागाची फळी डोळ्यांसमोर आणावी. फळी चौकोनी कापली, गोल कापली, तरी रंधा एका दिशेने गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्या दिशेने अडखळतो, कारण ती दिशा फळीच्या आकारात नसून लाकडाच्या रेषेत असते. कोबाल्टच्या षट्कोनी स्फटिकात अणूंची मांडणी एका अक्षाला अशीच झुकते माप देते. लोखंडाचा स्फटिक घनाकृती असल्याने त्यात ही ओढ फारच क्षीण असते. निओडिमियमचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी आहे: त्याच्या चुंबकातील स्फटिकाची ओढ सात टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) वर जाते.

आता कोबाल्टचे आकडे पाहू. अतिशय लांब, एकट्या काडीत आकाराची ओढ सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ०.९ टेस्ला, तर स्फटिकाची सुमारे ०.६ टेस्ला भरते. स्फटिकाचा अक्ष काडीच्या लांबीशी जुळलेला असेल तर दोन्हींची बेरीज होते, आणि पॉलिऑल पद्धतीने (द्रवरूप अल्कोहोलात रासायनिक प्रक्रियेने) वाढवलेल्या कोबाल्ट काड्यांमध्ये तो जुळतो, हे त्यांचे मोठे आकर्षण आहे. मात्र चुंबक म्हणजे सुटी काडी नव्हे. पऱ्हाटीची मोळी करकचून आवळावी तशा या काड्या दाटीने बसवल्या की एका काडीच्या बाजूवरील ध्रुवांसमोर शेजारणीचे विरुद्ध ध्रुव येतात आणि आडव्या दिशेचा भुर्दंड कमी होतो. सत्तर टक्के जागा धातूने भरली तर सोप्या हिशेबाप्रमाणे आकाराची ओढ तीसच टक्के, म्हणजे जेमतेम ०.२७ टेस्ला उरते, स्फटिकाची ०.६ मात्र तशीच राहते. सुट्या काडीत मागे असलेला स्फटिक मोळीत पुढे जातो, आणि दाटी टाळावी तर एकूण चुंबकत्वच घटते. प्रत्यक्षात टोकांच्या दोषांमुळे आणि ऑक्सिडीकरणामुळे हाती लागणारे आकडे याहूनही कमी असतात.

म्हणून नॅनोरॉडचा एखादा चांगला आकडा वाचला की मी आधी भरावाचे प्रमाण शोधतो.

तापल्यावर मात्र पारडे पुन्हा फिरते. आकाराची ओढ चुंबकत्वावर अवलंबून असल्याने आणि कोबाल्ट अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकीय राहत असल्याने ती सावकाश उतरते. कोबाल्टची स्फटिकाची ओढ मात्र अडीचशे अंशांच्या आसपास जवळपास शून्यावर येते. केवळ आकारावर उभ्या असलेल्या चुंबकाचे जुने उदाहरण म्हणजे १९३० च्या दशकात पुढे आलेला अल्निको हा मिश्रधातू. त्याच्या पोटात उष्णता-प्रक्रियेने लोह-कोबाल्टच्या सूक्ष्म काड्या आपोआप तयार होतात. तो उष्णतेत उत्तम टिकतो, परंतु त्याची कोअर्सिव्हिटी साधारण ०.२ टेस्लाच्या पलीकडे जात नाही.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे ज्या मँगनीजच्या खाणी आहेत, त्या मँगनीजकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. शुद्ध मँगनीज लोहासारखे चुंबकीय नसते. तरीही बिस्मथशी किंवा ॲल्युमिनियमशी त्याचे विशिष्ट संयुग जुळले की स्फटिकाची ओढ कोबाल्टहून बरीच जास्त मिळते. मँगनीज-बिस्मथमध्ये तर खोलीच्या तापमानापासून शे-दोनशे अंश वर जाताना ती वाढत जाते. तिथे काडी घडवण्याचा खटाटोप मुळात लागत नाही. कष्ट पडतात ते संयुगाची नेमकी प्रावस्था, म्हणजे हवी तीच स्फटिकरचना, शुद्ध मिळवण्यात.