उन्हाळ्यानं स्प्रिंकलर फुटतो?
‘पारा ४५ वर गेला की आग विझवायला छताला लावलेले स्प्रिंकलर फुटतात,’ म्हणून मे महिन्यात नागपुरात काही सोसायट्या त्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्हच आवळून ठेवतात. अहो, स्प्रिंकलरचं तोंड अडवणारा लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो, आणि ज्याला आच लागली तेवढाच. टिनाखाली जास्त तापत असेल तर हिरवा, ९३ अंशांचा लावतात.

‘पण दाबाचा काटा तर ७ किलो दाखवतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच असणार!’ दाखवणारच. व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या पाइपात दाब कोंडलेला राहतो. अर्धवट उघडा असला तरी पाणी थांबलेलं असताना काटा तोच. टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू द्या, मग बघा. आमच्याकडे काटा ७ वरून २ वर आपटला. व्हॉल्व्हचं चाक जेमतेम एक आटा उघडं, वर कूलरचा पाइप गुंडाळलेला.