सातच्या आत जेवण: रात्रीचं ताट आणि वजनाचा काटा

रात्री उशिरा जेवलं की वजन वाढतं, हे इतक्या सहज बोललं जातं की पणजीच्या काळापासून चालत आलेलं शहाणपण वाटावं. उशिरा जेवू नये, हे जुनं आहेच. वजनाशी त्याची गाठ मात्र पडली ती जेमतेम सत्तर वर्षांपूर्वी, आणि तीही अमेरिकेतल्या एका दवाखान्यात.

जैन परंपरेत रात्रिभोजनाचा त्याग हा अहिंसेचा भाग आहे. अंधारात अन्नात पडलेला जीव दिसत नाही, दिव्यावर किडे झेपावतात आणि मरतात, म्हणून सूर्यास्तानंतर अन्न नाही. चौविहार पाळणारे पाणीसुद्धा घेत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक जैन शेतकरी घरांत दिवस मावळायच्या आत ताटं होतात ती याच कारणाने. आयुर्वेदाला काळजी होती पचनाची: आधीचं जिरल्याशिवाय पुढचं खाऊ नये, रात्री दही टाळावं. आणि याच मातीत नक्तव्रतही आहे. दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री एकदाच जेवायचं. म्हणजे परंपरेने एकच एक नियम सांगितला होता असं नाही. बाकीच्या घरांत कारण त्याहून साधं होतं. दिव्याचं तेल जपून वापरायचं, पहाटे उठून शेतावर जायचं, मग दिवेलागणीनंतर चूल पेटती ठेवून कोण बसणार?

हे बदललं विजेने. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तसे कामाचे तास सूर्यास्ताच्या पलीकडे गेले, पुढे रातपाळी आली, आणि गिरणगावातल्या खाणावळींची ताटं पाळ्यांच्या भोंग्यावर वाढली जाऊ लागली. उशिराचं जेवण ही तेव्हापासून कामाची अट आहे, हौस नव्हे. आजच्या सल्ल्यांत हे फार लवकर विसरलं जातं, म्हणून ते इथेच नोंदवून ठेवतो.

वजनाचं शास्त्र त्याच सुमारास वेगळ्या वाटेने निघालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून तो किती ऊर्जा खातो आणि किती खर्च करतो याचा हिशेब मांडला. कॅलरीची ही वही जमाखर्चाची होती. पोळी सकाळी खाल्ली की रात्री, याला तिच्यात रकानाच नव्हता.

१९५५ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड या मनोविकारतज्ज्ञाने वजन कमी होत नसलेल्या काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सकाळी त्यांना अन्नाची इच्छाच नसे. रात्रीच्या जेवणानंतर मात्र दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पोटात जाई, आणि मध्यरात्र उलटली तरी डोळा लागत नसे. स्टंकार्डने याला ‘नाइट ईटिंग सिंड्रोम’ म्हटलं. लठ्ठपणा आणि रात्रीचं खाणं यांची वैद्यकातली पहिली ठळक जोडी हीच. पण ते वर्णन होतं ताणाखाली सापडलेल्या, झोप हरवलेल्या माणसांचं. कामावरून दहाला घरी येऊन वरण-भात खाणाऱ्या माणसाचं नव्हे. हा फरक पुढे लोकांच्या बोलण्यातून गळून गेला.

घड्याळ खऱ्या अर्थाने शास्त्रात शिरलं ते जीवशास्त्राच्या दारातून. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत दिवसाचं चक्र बिघडवणारा जनुकातला बदल सापडला. पुढे या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या विषयाला जास्त महत्त्वाचं ठरलं ते जिनिव्हातलं २००० सालचं काम. उंदरांना भलत्याच वेळी खायला घातलं तर त्यांच्या मेंदूतलं घड्याळ जागचं हलत नाही, ते उजेडावर चालतं. यकृताचं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेमागे जातं. एकाच शरीरात दोन वेगळ्या वेळा! उशिराच्या जेवणावरची नंतरची बरीचशी चर्चा या फटीतून आली आहे.

२००९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डियाना आर्बल आणि फ्रेड ट्युरेक यांनी उंदरांचे दोन गट केले. दोघांना तेच तुपट खाद्य, दिवसाला बारा तास. एका गटाला अंधारात, म्हणजे उंदराच्या जागरणाच्या वेळी. दुसऱ्याला उजेडात, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी. सहा आठवड्यांत पहिल्यांचं वजन सुमारे २० टक्के वाढलं, दुसऱ्यांचं ४८ टक्के. खाल्लेल्या कॅलरींत लक्षणीय फरक नव्हता. तीन वर्षांनी सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये, मूळचे ओडिशाचे असलेल्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने तेच खाद्य फक्त आठ तासांत दिलं, तर उंदीर लठ्ठ होण्यापासून वाचले. ‘सातच्या आत जेवा’ला आता शास्त्राचं पाठबळ मिळालं, असं लोकांना वाटलं ते इथून.

माणसांत मात्र चित्र इतकं स्वच्छ निघालं नाही. स्पेनच्या मुर्सियात ४२० जणांना २० आठवड्यांच्या वजन-घट कार्यक्रमात तपासलं. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दुपारचं मुख्य जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. रात्रीच्या जेवणाच्या वेळेने फरक पडला नाही, कारण तिथे मोठं जेवण दुपारचंच. आणि ‘तीन’ म्हणजे तरी कुठले? १९४० मध्ये स्पेनने घड्याळ एक तास पुढे नेलं आणि ते तिथेच ठेवलं. मुर्सियात हिवाळ्यात घड्याळात तीन वाजतात तेव्हा सूर्याचे जेमतेम दोन झालेले असतात, उन्हाळ्यात एक. आपल्याकडेही मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालत होता, आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. नागपुरात सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो. मग सातचा आकडा सगळ्या महाराष्ट्राला एकाच अर्थाने कसा लावायचा?

२०२२ मध्ये एकाच मासिकात दोन अभ्यास आले, आणि ते शेजारी ठेवून वाचायला हवेत. बोस्टनमध्ये वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच अन्न सुमारे चार तास उशिरा दिलं. भूक वाढली, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटलं, जागेपणीचा ऊर्जेचा खर्चही थोडा उतरला. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ३० जणांना चार आठवडे सकाळी भारी आणि चार आठवडे संध्याकाळी भारी जेवण मोजून दिलं. वजन दोन्ही वेळा सारखंच कमी झालं. सकाळी भरपेट खाल्लं तेव्हा भूक कमी लागली, एवढाच फरक. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या वर्षभराच्या चाचणीत १३९ लठ्ठ लोकांपैकी निम्म्यांनी कमी कॅलरींसोबत सकाळी आठ ते दुपारी चार एवढंच खायचं बंधन पाळलं, बाकीच्यांनी फक्त कॅलरी कमी केल्या. सरासरी घट ८ किलो आणि ६.३ किलो. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता आला नाही.

माझं वाचन असं: ताटातलं मोजून मापून तेवढंच असेल तर उशिराची वेळ एकटी फारसं वजन वाढवत नाही. पण घरात कोण मोजून जेवतं? सहाला भूक लागते, स्टेशनवर वडापाव होतो, दहाला पूर्ण जेवण होतं, वर टीव्हीसमोर फरसाण. उशीर बहुधा ‘जास्त’ला सोबत घेऊन येतो, आणि बोस्टनची ती वाढलेली भूक हेच सांगते.

रक्तातल्या साखरेची गोष्ट वेगळी, आणि मला ती वजनापेक्षा गंभीर वाटते. तेच जेवण सकाळपेक्षा रात्री साखर जास्त वाढवतं, हे वारंवार दिसलं आहे. २०२१ मध्ये बोस्टनच्याच प्रयोगशाळेत १९ निरोगी तरुणांना नकली रातपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली; रात्रभर जागूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. वॉचमन, नर्स, कॉल सेंटरमधली मुलं यांच्या कामाच्या ठिकाणी मोठं जेवण मात्र अजून मध्यरात्रीच्या सुट्टीतच होतं, कारण कँटीनची आणि सुट्टीची वेळ तेव्हाच ठेवलेली असते.