धाकट्याचा घास

जानेवारीत राकसकोपच्या जलाशयावर ब्राह्मणी घारीची जोडी निलगिरीच्या शेंड्यावर काटक्या नेताना दिसली. तेव्हापासून एप्रिल संपेपर्यंत माझे रविवार त्या झाडासमोर गेले. बेळगावला पाणी देणारं हे मार्कंडेय नदीवरचं धरण महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं आहे. नर इकडून उडून पलीकडे महाराष्ट्रातल्या तुडये गावाच्या बाजूला मासा धरायचा आणि परत घरट्यावर यायचा.

पहिल्याच दिवशी बांधावरच्या एका मामांनी मला दुरुस्त केलं. "घार न्हवं ती, गरुड हाय. हात जोड." आमच्या शेजारच्या कन्नड घरांतही तिला गरुडच म्हणतात. नात्यानं ती खरोखर सागरी गरुडांच्या भावकीतली आहे. अंग विटकरी, डोकं आणि छाती पांढरीशुभ्र. पाण्यात बुडी न मारता वरच्या वर पंजानं मासा उचलते. मेलेला मासा, खेकडा, बेडूकही तिला चालतो.

अंडी बहुतेक वेळा दोन. ती एकाच दिवशी घातली जात नाहीत आणि मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे साधारण 26-27 दिवसांनी थोरलं पिल्लू आधी बाहेर येतं, धाकटं मागून. एवढ्याशा फरकानं थोरल्याची मान उंच होते, चोच आधी पोहोचते. अन्न कमी पडलं तर धाकटं उपाशी राहतं, कधी मरतंही.

मार्चच्या सुरुवातीला दुर्बिणीतून हे स्पष्ट दिसलं. नरानं मासा आणून टाकला की आई त्याचे बारीक लचके तोडून भरवायची. पहिले सगळे घास थोरल्याला. धाकटं मागे चोच उघडून थरथरत उभं. मला राहवत नव्हतं. मग थोरल्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी लिंबाएवढी फुगली, त्याची मान कलली, ते तिथंच आडवं झालं. आईनं उरलेला मासा ओढला आणि वळून धाकट्याला भरवू लागली. धाकट्याचं जगणं त्या फुगलेल्या पिशवीवर अवलंबून होतं. थोरलं तृप्त झालं तरच त्याची पाळी येणार, म्हणजे नराला दिवसाकाठी पुरेसे मासे मिळायला हवेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी त्या वर्षी मासे मिळाले.

दुपारच्या उन्हात आई पंख अर्धवट पसरून पिल्लांवर सावली धरायची. अशा वेळी कुणी झाडाखाली गेलं तर ती उठते आणि कोवळी पिल्लं उन्हात पडतात. म्हणून मी लांबच बसायचो. एका गोष्टीची मात्र धास्ती होती. काटक्यांत फाटक्या जाळ्याचा निळा नायलॉन धागा विणला गेला होता. पिल्लाचा पाय त्यात अडकला की संपलं. धरणाकाठी जाळी टाकून देऊ नका, हे मी तिथल्या प्रत्येकाला सांगत आलोय.

पिल्लांना उडायला 7-8 आठवडे लागतात. रंग तेव्हा तपकिरी असतो, साध्या घारीसारखा. फक्त शेपटी गोल, खाच नसलेली. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी थोरलं पाण्यावर घिरट्या घालत होतं. धाकटं घरट्याच्या कडेला पंख फडफडवत होतं आणि आई समोरच्या फांदीवर पंजात मासा धरून बसली होती, द्यायला येत नव्हती.