मेंटेनन्सच्या बिलावर हरकत: कोण अर्ज करू शकतं, कुठे करायचा आणि कोणते कागद लागतात

मेंटेनन्स जास्त लावलाय, अशी तक्रार घेऊन उपनिबंधकांच्या, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात गेलेले कितीतरी लोक हात हलवत परत येतात. तक्रार खोटी असते असं नाही. अर्ज भलत्याच ठिकाणी दिलेला असतो, अर्जदार कागदोपत्री सदस्यच नसतो, नाहीतर सोसायटीला आधी लेखी कळवल्याचा काही पुरावा नसतो. महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकांना अडवणाऱ्या या जागांबद्दल इथे लिहितोय. अर्ज लिहिणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

आधी हे बघा: सोसायटी की अपार्टमेंट?

बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात, दोन्हीकडे चेअरमन-सेक्रेटरी असतात, पण कायदे वेगळे आहेत. तुमच्याकडे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. भागपत्राऐवजी नोंदणीकृत ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल तर ते कॉन्डोमिनियम, आणि त्याला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू होतो.

या फरकाने तक्रारीचा निकालच उलटतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान. यात कर्मचाऱ्यांचे पगार, सफाई, सुरक्षा, जिन्यातली वीज, कार्यालयीन खर्च आलं. चौरस फुटावर सेवाशुल्क लावणाऱ्या सोसायटीविरुद्धची हरकत म्हणूनच भक्कम असते. कॉन्डोमिनियममध्ये मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतल्या त्याच्या टक्केवारीच्या, प्रमाणात वाटायचा असतो. पुण्याच्या ट्रेझर पार्क संकुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच सांगितलं. तिथे लहान फ्लॅटवाल्यांना मोठ्या फ्लॅटएवढीच रक्कम लावता येत नाही. शेजारच्या इमारतीतल्या मित्राचा अर्ज बघून आपला अर्ज लिहिणारे नेमके इथे फसतात.

कॉन्डोमिनियमवाल्यांना लागणारा कागद म्हणजे घोषणापत्र, ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’. तुमच्या हिश्श्याची टक्केवारी त्यात असते आणि तो घरात जवळपास कुणाकडेच नसतो. पण तो नोंदणीकृत दस्त आहे. व्यवस्थापन देत नसेल तर त्यांच्या मागे महिनोन्‌महिने फिरू नका, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातून (हे उपनिबंधकांचं कार्यालय नव्हे) प्रमाणित प्रत काढा. दस्त क्रमांक बहुधा तुमच्या स्वतःच्या डीडमध्येच लिहिलेला असतो.

बिलातली नेमकी कोणती ओळ चुकली?

‘मेंटेनन्स अवाजवी आहे’ एवढ्या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. बिल समोर ठेवा आणि शीर्षागणिक बघा. सोसायटीत सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च समान असतो. तळमजल्यावाल्यांनाही लिफ्टचा वाटा द्यावा लागतो, त्यावर भांडून उपयोग होत नाही. पाणी नळजोडांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार. सिंकिंग फंड (इमारतीच्या पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. हे दोन्ही बांधकाम खर्चावर असल्यामुळे मोठ्या फ्लॅटला जास्त येतात आणि ते बरोबर आहे. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भोगवटेतर शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. लक्षात घ्या, पूर्ण बिलाच्या १० टक्के नव्हे. मुलगा, मुलगी किंवा आईवडील राहत असतील तर ते लावताच येत नाही. थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार (बाय-लॉज, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागतं. कुठे चक्रवाढ लावलेलं दिसलं तर तोच तुमचा मुद्दा.

अर्ज कोण करू शकतो

ज्याचं नाव भागपत्रावर आणि सोसायटीच्या सदस्य नोंदवहीत आहे, तो. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील जाऊन काही वर्षं झालेली, बिल मुलगा भरतोय, आणि अर्ज मुलाच्या सहीने गेलेला, अशी प्रकरणं सारखी अडकतात. पैसे भरल्याने सदस्यत्व मिळत नाही. वडिलांनी नामनिर्देशन केलेलं असेल तर त्या व्यक्तीला तात्पुरता सदस्य म्हणून नोंदवून घेता येतं, ही सोय २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. ते आधी करा, मग भांडा. अशा दुःखाच्या काळात हे काम मागे पडतं हे समजतं, पण समोरचा वकील पहिली हरकत याचीच घेतो.

कुठे जायचं: इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो

पहिली पायरी कमिटीकडे लेखी तक्रार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा वाद तक्रार धरला जात नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. सेक्रेटरी पोच देत नसेल तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती व पोहोचल्याचा तपशील जपून ठेवा.

त्यानंतर दोन वाटा फुटतात. सोसायटी कागदपत्रांच्या प्रती देत नाही, हिशेब ठेवत नाही, तुमचा चेक किंवा पत्र स्वीकारत नाही, फ्लॅट हस्तांतराचं अधिमूल्य (प्रीमियम) जादा घेतलं, अशा तक्रारी उपनिबंधकांकडे. पण ‘माझ्याकडून जादा वसुली केली’ किंवा ‘सर्वसाधारण सभेचा ठरावच चुकीचा आहे’ हा वाद कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात जातो. कितीतरी लोक हाच वाद उपनिबंधकांकडे घालतात, दोन-चार सुनावण्या होतात आणि शेवटी ‘सक्षम न्यायालयात दाद मागावी’ असं एका ओळीचं पत्र हातात पडतं. पहिल्याच दिवशी खिडकीवर कुणी हे सांगितलं असतं तर माणसाचं वर्ष वाचलं असतं. पण तिथे अर्ज घेतात, शिक्का मारतात आणि पुढची तारीख देतात. शासनाच्या निर्देशांविरुद्ध सोसायटी वागत असेल तर उपनिबंधक सोसायटीला निर्देश देऊ शकतात. म्हणून तिकडच्या अर्जात मागणी ‘निर्देश द्यावेत’ अशी लिहा. ‘माझे पैसे परत मिळवून द्या’ ही मागणी न्यायालयापुढची आहे.

सोबत काय जोडायचं

भागपत्राची प्रत, वादातली बिलं आणि पावत्या, पोच असलेली तक्रार, हे नेहमीचं. अडतो तो ठराव. ज्या सभेत दर ठरला तिचं इतिवृत्त (मिनिट्स) आणि सोसायटीने नोंदवून घेतलेल्या उपविधींची प्रत, या दोन्हींशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. बाजारात मिळणारं आदर्श उपविधींचं पुस्तक जोडून चालत नाही. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते महत्त्वाचं. प्रतींसाठी लेखी मागणी करा, ठरलेली फी भरा, पावती घ्या. तरी मिळाल्या नाहीत तर आधी त्याचीच तक्रार उपनिबंधकांकडे करा. ती तक्रार त्यांच्या अखत्यारीतली आहे आणि तिथून आलेला आदेश पुढे न्यायालयात कामी येतो.

पैसे भरणं थांबवू नका

हे कळकळीने सांगतो. ‘निकाल लागेपर्यंत एक रुपया देणार नाही’ म्हणणारा माणूस तीन महिने उलटले की थकबाकीदार ठरू शकतो, मग कमिटीची निवडणूकही लढवता येत नाही, आणि व्याज चालूच राहतं. त्याऐवजी रक्कम भरा आणि सोबत एवढंच पत्र द्या: ‘सदर रक्कम माझी हरकत व कायदेशीर हक्क राखून भरत आहे. सेवाशुल्काची आकारणी मला मान्य नाही.’ त्याचीही पोच घ्या.

थकबाकी वाढली की सोसायटी कलम १५४ब-२९ खाली, पूर्वी हेच कलम १०१ खाली व्हायचं, उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या आदेशासाठी, जाते. तुम्हाला सुनावणीची नोटीस येते. ही नोटीस ‘सोसायटीचंच काहीतरी’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणं द्या, बिलातली कोणती ओळ मान्य नाही ते लिहा. गैरहजर राहिलात तर दाखला एकतर्फी निघतो आणि तो निघाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो.

दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज, करता येतो, त्याला मुदत दोन महिन्यांची. ती मोजायची दाखला तुम्हाला कळवला गेल्यापासून. जप्तीची नोटीस हातात पडते तेव्हापासून मोजत बसलेले लोक मुदतीबाहेर जातात. दाखला ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा. उशीर झालाच तर तो माफ करण्याचा स्वतंत्र अर्ज कारणांसह जोडा. आणि दाखल्यातल्या एकूण रकमेपैकी ५० टक्के आधी सोसायटीकडे भरावे लागतात. ते भरल्याची पावती सोबत नसेल तर पुनरीक्षण अर्ज विचारातच घेतला जात नाही. म्हणून वकील शोधायला लागतानाच त्या रकमेचीही तजवीज करा.