विम्बल्डनची विस्मृतीत गेलेली महिला दुहेरी

विम्बल्डनमध्ये महिलांची दुहेरी १९१३ साली प्रथमच खेळली गेली आणि त्याआधी तिथे स्त्रिया केवळ एकेरीच खेळत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातील १९१३ हे साल खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

महिला एकेरी आणि पुरुष दुहेरी या दोन्ही स्पर्धा तिथे १८८४ मध्ये सुरू झाल्या. महिला दुहेरी मात्र १८९९ ते १९०७ या काळात मुख्य अजिंक्यपदाचा दर्जा नसलेली स्पर्धा म्हणून भरत असे. ती बंद पडली आणि १९१३ मध्ये पूर्ण दर्जासह नव्याने सुरू झाली. अधिकृत विजेत्यांची यादी या दुसऱ्या प्रारंभापासून मोजली जात असल्याने आधीची वर्षे तीत दिसत नाहीत, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच आहे.

पडताळणीसाठी केवळ अजिंक्यपदाची यादी पाहू नये. बंद झालेल्या किंवा दुय्यम दर्जाच्या स्पर्धांच्या नोंदी स्वतंत्र असतात, त्या पाहाव्यात, आणि ‘पहिली स्पर्धा’ व ‘पहिले अजिंक्यपद’ यांतला फरक लक्षात ठेवावा. त्या आरंभीच्या जोड्यांची नावे मुख्य यादीबाहेर राहिली, याची मला मनापासून खंत वाटते.