पुरुमेंताच्या बरण्या, प्लास्टिक आणि स्त्रियांचे आरोग्य

एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी सुरू झाली की आमच्या दुकानात आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मिस्कूट (कैरीचे लोणचे) आणि खोबरेल ठेवण्यासाठी बरण्या मागितल्या जातात, आणि सोबत बहुधा एक प्रश्न येतो: प्लास्टिकमुळे बायकांची पाळी बिघडते, हे खरे का?

पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि डबाबंद पदार्थांच्या डब्यांच्या आतल्या लेपात बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन वापरले जात आले आहे, तर पीव्हीसी हे प्लास्टिक मऊ करण्यासाठी थॅलेट ही रसायने घालतात. बिस्फेनॉल-ए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते. म्हणूनच युरोपीय संघाने २०११ साली बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला मनाई केली. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार, असलेल्या स्त्रियांच्या रक्तात त्याचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, परंतु हा विकार त्यामुळेच होतो असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा डबा बदलला की पाळी नियमित होईल, असे सांगून आम्ही स्टील विकणार नाही. पाळी चुकत असेल किंवा दिवस राहत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाच दाखवावे.

उष्णतेने ही द्रव्ये अधिक सुटतात आणि थॅलेट तेलकट पदार्थांत सहज उतरतात. चुलीवरून उतरवलेले हुमण (माशांची आमटी) वाफाळत असताना प्लास्टिकच्या डब्यात ओतू नये, मायक्रोवेव्हमध्ये तो डबा ठेवू नये आणि खोबरेल काचेच्या बाटलीत भरावे. बिस्फेनॉल-ए बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे सवय बदलल्याचा उपयोग लवकर होतो. ‘बीपीए-फ्री’ या चिठ्ठीवर मात्र फार विसंबू नये, कारण त्याच्या जागी कधी कधी तशाच गुणाचे बिस्फेनॉल-एस असते. सुक्या मिरच्या-कडधान्यांचे प्लास्टिकचे डबे मात्र फेकण्याचे कारण नाही.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. ते हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणी रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. पितळेला कल्हई करून घेताना कथलात शिशाची भेसळ नाही, हे कल्हईवाल्याला विचारून घ्यावे. चिनीमातीच्या बरणीवर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे खरा, पण हलक्या प्रतीच्या झिलईत शिसे असू शकते आणि आगळासारखा आंबट पदार्थ ते ओढून घेतो. ज्या बरण्यांची झिलई शिसेमुक्त असल्याची लेखी खात्री उत्पादकाने दिलेली नाही, त्या आम्ही आगळासाठी किंवा मिस्कुटासाठी देत नाही. त्याऐवजी काचेची बरणी दाखवतो.